अंबादासचा जिताडा आणि मी

मी एक जुनी बांबूची काठी आहे. मित्रांनो, काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कुणी वाकलेले आजोबा आले असतील, तर त्यांना जरा बाजूला बसवा. मी चांगली दोन माणसांएवढी उंच आहे आणि मी होडी ढकलते. उथळ पाण्यात, जिथे भलीभली इंजिनं तोंड पाडून बसतात, तिथे मी होडीला वाट काढून देते. एका रविवारी मी जे काही पाहिलं, ते आठवलं की आजही माझ्या पेरापेरांत झिणझिण्या येतात. ते सांगायची मला भारी घाई झाली आहे. पण रीत म्हणून आधी जन्मापासून सांगते. थोडक्यातच सांगते.

मी कुठल्या डोंगरात वाढले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ट्रकमधून मुंबईत आले आणि नाहूरच्या एका इमारतीला रंग द्यायचा होता, तिच्या परांचीत मला उभं बांधलं. रंगारी माझ्या खांद्यावर पाय देऊन वर चढायचे, गाणी म्हणायचे आणि माझ्या अंगावर पिवळा रंग सांडायचे. काम संपल्यावर परांची उतरली, बाकीचे बांबू टेम्पोत गेले आणि मी एकटी पाण्याच्या टाकीमागे पडून राहिले. मांजरं माझ्यावर नखं घासायची. वाटलं, झालं, आता मला कुणी विचारत नाही.

मला विचारलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाने. बाळाचे वाडवडील मालवणचे, समुद्रावर पोट असलेले. त्याचे वडील मुंबईला गिरणीत आले आणि बाळाने स्वतः भांडुपच्या एका कारखान्यात उभी हयात काढली. त्याच कारखान्यात, त्याच्या शेजारच्याच यंत्रावर, अंबादास होता. तो राहायचाही याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. अंबादासचं गाव आत मराठवाड्यात, गोदावरीच्या काठी. लहानपणी तो नदीत गळ टाकून बसायचा. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. लोक निवृत्त झाले की तीर्थयात्रेला जातात. या दोघांनी फायबरची एक लहानशी जुनी होडी घेतली, तिला मागे लावायचं छोटं इंजिन घेतलं आणि ते खाडीत गेले.

नाहूरच्या पूर्वेला हायवे ओलांडला आणि मिठागरं मागे टाकली, की खाडी लागते. तिच्या दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी आहे आणि त्या झाडीत शिरणारे बारीक बारीक फाटे आहेत. भरतीला ते फाटे नदीसारखे भरून वाहतात आणि ओहोटीला तिथे नुसता गाळ उरतो. अशा ठिकाणी इंजिनाचा पंखा गाळात रुतला की संपलंच. म्हणून बाळाला काठी हवी होती, आणि त्याची नजर टाकीमागे माझ्यावर पडली.

पण त्याने मला लगेच होडीत घेतलं नाही. आधी त्याने मला खाडीच्या चिखलात पुरून ठेवलं! मी चिखलात पडून त्याला काय काय नावं ठेवली, ते इथे सांगत नाही. पुष्कळ दिवसांनी त्याने मला बाहेर काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं आणि तेल चोळलं. असं केलं की बांबूला कीड लागत नाही, हे मला नंतर कळलं. मग अंबादास लाल रंगाचा डबा घेऊन आला. त्याने पाण्यात उभं राहून माझ्यावर तीन पट्टे ओढले. पहिला गुडघ्याएवढा, दुसरा कंबरेएवढा आणि तिसरा छातीएवढा.

आता आमचं काम कसं चालायचं ते ऐका. बाळा मागे इंजिनावर बसायचा. अंबादास पुढे उभा राहून मला पाण्यात बुडवायचा आणि ओरडायचा, "छाती! छाती! कंबर!" छाती म्हटलं की बाळा इंजिन भरधाव सोडायचा. कंबर म्हटलं की वेग कमी करायचा. आणि "गुडघा!" असं ओरडल्याबरोबर इंजिन पाण्यातून वर उचलायचं, की पुढचं राज्य माझं! एरवी फुरफुर करत मिरवणारे इंजिनराव तेव्हा शेपूट वर करून गप्प बसायचे आणि मी होडी सरसर पुढे न्यायची. किती मजा यायची म्हणून सांगू! मी त्या इंजिनावर कधी चिडले नाही असं मात्र नाही. लोक धक्क्यावर यायचे, इंजिनाला हात लावून बघायचे आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे.

दोघांची भांडणं रोजची. बाळा समुद्राचा माणूस, त्याच्या हिशेबात पाणी येतं आणि जातं. अंबादास नदीचा माणूस, त्याच्या हिशेबात पाणी वरून खाली वाहतं आणि काठ जिथल्या तिथे राहतो. पहिल्याच वर्षी त्याने काय केलं, तर मला पाण्याच्या कडेला रोवलं, होडी मला बांधली आणि तो बांधावर जाऊन निवांत भाकरी सोडून बसला. नदीवर तो नेहमी असंच करायचा. भाकरी, पिठलं, वर मिरची, सगळं तब्येतीत झालं. परत येऊन बघतो तर होडी कोरड्या चिखलात आडवी आणि पाणी पार पलीकडे!

"पाणी कुठं गेलं?" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"फिराक गेला, येतला संध्याकाळी," बाळा म्हणाला आणि पोट धरून हसत राहिला. दोघं संध्याकाळपर्यंत त्या बांधावर बसून होते.

पण खरी ठिणगी पडली ती जिताड्यावरून. जिताडा तुम्ही पाहिलाय का? चंदेरी, जाडजूड, भल्या मोठ्या तोंडाचा मासा. भरतीबरोबर तो फाट्यांत शिरतो आणि ओहोटी लागली की वळणावर, तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसतो. उतरत्या पाण्याबरोबर कोळंबी वाहत येते, ती तो मटकावतो. त्याला गळाला लावणं म्हणजे खाडीतला मोठा मान. बाळाने असे कितीतरी काढले. अंबादासच्या गळाला मात्र चिंबोऱ्या लागायच्या, प्लास्टिकच्या पिशव्या लागायच्या, एकदा तर कुणाची तरी चप्पल लागली. जिताडा काही लागेना.

एके दिवशी बाळाने पुन्हा एक काढला आणि हसत म्हणाला, "अंबादास, तुझ्या गंगेत मासे स्वतः उड्या मारून टोपलीत येत असतले, नाय? हयसर पकडूचे लागतत. तू आपलो खावच्या वेळेक ये."

गोदावरीला अंबादासच्या गावाकडे गंगाच म्हणतात. गंगेचं नाव निघालं आणि अंबादासचे कान लाल झाले. मी त्याच्याच मुठीत होते. त्याने मला इतकं घट्ट धरलं, की वाटलं आता तडकते.

"या काठीवर हात ठेवून सांगतो, बाळा," तो म्हणाला. "मी माझ्या हातानं जिताडा धरीन, तवाच मासा तोंडात घालीन. तवर सुकटसुद्धा नाही!"

"अरे, मी गमतीन बोललंय रे!"

"मी गमतीनं नाही बोललो."

घ्या! शपथ त्याची आणि अडकले मी. अंबादासला मासे किती आवडायचे ते सगळ्या इमारतीला माहीत होतं. त्याची बायको सुंदराबाई बोंबील तळायला लागली, की तो ताट घेऊन आधीच बसायचा. आता त्या घरात मासा शिजणं बंद झालं. सुंदराबाई दुपारी बाळाच्या घरी जायची, त्याची बायको वनमाला तिला गरम तुकडी वाढायची आणि मग सुंदराबाई बडीशेप चघळत वर यायची. हे सगळं बाळाने मला होडी धुताना सांगितलं. हो, तो माझ्याशी बोलायचा. अंबादासला ती बडीशेप कळत होतीच, पण तो मागे हटला नाही. महिने गेले, वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. त्याच्या ताटात वांगी, मेथी आणि डाळ.

आणि मग ती बातमी आली. बाळा मालवणला निघाला, कायमचा. गावच्या घरात भाऊ एकटा होता, वनमालालाही आता गावीच राहायचं होतं. होडी आणि इंजिनातला आपला वाटा बाळाने अंबादासला देऊन टाकला. पण अंबादास कुणाच्या जिवावर एकटा फाट्यात शिरणार होता? पाणी कधी चढेल, कधी उतरेल, हे बाळाच्या डोक्यात होतं. बाळा गेला की जिताडा गेला, आणि शपथ मात्र जन्मभर राहिली.

शेवटचा रविवार उजाडला. पाऊस संपून ऊन स्वच्छ पडलं होतं. बाळाची गाडी संध्याकाळची, सामान बांधून दारात ठेवलेलं. सुंदराबाईने धक्क्यापर्यंत येऊन नवऱ्याला बजावलं, "अहो, आज मी वाटण वाटून ठेवतेय. ते वाया घालवायचं नाही, सांगून ठेवते!"

"वहिनी, वाटणात नारळ जास्त घाल," बाळा म्हणाला आणि त्याने इंजिनाची दोरी ओढली.

काय निघालो आम्ही! अमावास्येची भरती होती, उधाणाचं पाणी. खाडी काठोकाठ भरली होती. बगळे बाजूला सरत होते, पाणी दोन्ही बाजूंनी फाकत होतं आणि अंबादास आनंदाने ओरडत होता, "छाती! छाती! बाळा, छाती!" फाट्याचं तोंड आलं. होडी आत शिरली. दोन्ही बाजूंनी तिवरांच्या फांद्या अंगाला लागायला लागल्या. "कंबर!" इंजिनराव हळू झाले. एक वळण, मग दुसरं वळण. "गुडघा!" इंजिन वर उचललं गेलं आणि मी कामाला लागले. शेवटच्या वळणाआड एक खोलगट जागा आहे, तिला अंबादास डोह म्हणायचा. तिथे आम्ही थांबलो. त्याने गळाला जिवंत कोळंबी लावली, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पाण्यात सोडली आणि आम्ही तिघं श्वास रोखून बसलो.

पाणी थांबलं. मग झाडाचं एक पान हळूहळू समुद्राकडे निघालं. ओहोटी लागली.

काही नाही. तंगूस ढिला. उधाणाची ओहोटी तुम्हाला माहीत नसेल. पाणी जितकं चढतं तितकंच झपाट्याने खाली जातं. मुळांवरची ओली रेघ वर दिसायला लागली. बाळाने मला बुडवून पाहिलं, गुडघ्याचा पट्टा पाण्याबाहेर यायला लागला होता.

"अंबादास, निघाक होया. थोड्या वेळान हयसर नुसतो चिखल."

"एकदा. फक्त एकदा अजून टाकतो."

बाळाने त्याच्याकडे पाहिलं. आता निघालं नाही, तर होडी रुतणार आणि बाळाची गाडी चुकणार, हे मलासुद्धा कळत होतं. माझा जीव टांगणीला लागला. इकडे एक मित्र, तिकडे त्याचं बांधलेलं सामान!

"टाक," बाळा म्हणाला. "गाडी उद्या पण गावतली. जिताडो गावाचो नाय."

आणि, मित्रांनो, तेव्हाच! तंगूस झर्रकन ताणला गेला. अंबादासच्या हातातून तो सरसर धावला. पाण्यावर चांदीचा एक तुकडा उसळला, डोकं झटकलं, धपकन खाली गेला. जिताडा! आणि केवढा!

"मुळांकडं चाललाय! बाळा, मुळांकडं चाललाय!"

मुळांत शिरला की तंगूस तुटणार. बाळाने होडी डोहाच्या मधल्या खोल पाण्याकडे ढकलायला मला सगळ्या ताकदीने खाली दाबलं. मी गेले खाली, आणखी खाली, गार घट्ट गाळात, आणि रुतले! होडी पुढे निघाली, माशाने तिला ओढलं, बाळाचे हात माझ्यावर आणि पाय होडीत. तो लांब होत चालला. मला धरून ठेवलं असतं तर होडी जागीच थांबली असती आणि जिताडा मुळांत गेला असता. मी मनात ओरडत होते, सोड, बाळा, सोड मला!

त्याने मला सोडलं.

होडी मोकळी झाली आणि उतरत्या पाण्यावर निघाली. काठी नाही, इंजिन वर उचललेलं, दोन म्हातारे आणि एक मासा. बाळाचा चेहरा पडला. पण अंबादास? अंबादास एकदम ताठ उभा राहिला.

"घाबरू नको गड्या!" तो ओरडला. "आता पाणी खाली वाहतंय. ही आता नदी झाली. हे माझं पाणी हाय!"

आणि तो जसा लहानपणी गंगेच्या पात्रात करायचा, तसं त्याने केलं. माशाला ओढलं नाही, वाहत्या पाण्याबरोबर खाली जाऊ दिलं. थोडा ढील, थोडा ताण, पुन्हा ढील. बाळाने बसायची फळी काढली आणि तिनेच तो होडी धारेत ठेवत राहिला. "डावीकडं!" अंबादास सांगायचा आणि बाळा निमूट डावीकडे घ्यायचा. बाळा कुणाचं ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिला! मी माझ्या जागेवर उभी राहून थरथरत होते. थोडं पाण्यामुळे, पण खरं म्हणजे आनंदाने. जिताडा एकदा उसळला, दुसऱ्यांदा उसळला, तिसऱ्यांदा नुसता कुशीवर वळला. अंबादासने वाकून त्याच्या तोंडात अंगठा घालून खालचा जबडा पकडला आणि दोन्ही हातांनी त्याला उचललं.

"गावलो! गावलो रे, गंगेवाल्या, गावलो!" बाळा फळी आपटत नाचायला लागला. होडी उलटते की काय असं झालं. अंबादास मात्र रडत होता. मासा छातीशी धरून, चष्मा नाकावर घसरलेला, तो घळाघळा रडत होता आणि हसत होता.

मग इंजिन खाली गेलं. पंखा गाळ उडवत, खोकत, ठसकत चालू झाला आणि शेवटच्या पाण्यावरून होडी कशीबशी बाहेर पडली. त्या दिवशी इंजिनरावांनी काम चोख केलं, हे मी मान्य करते. वळणाआड होडी दिसेनाशी झाली. आवाजही गेला.

आणि मी तिथेच राहिले.

पाणी उतरलं. भोवती काळा चिखल, त्यात खेकड्यांची बिळं. एक खंड्या येऊन माझ्या डोक्यावर बसला. आनंद ओसरल्यावर मला भीती वाटायला लागली. आज तिकडे रस्सा शिजत असेल, ताटं वाढली जात असतील. मासा मिळाला, शपथ सुटली, आता काठीची आठवण कुणाला राहणार? टाकीमागचे दिवस आठवले. तेव्हा निदान मांजरं होती.

दुसऱ्या दिवशी भरतीला इंजिनाचा आवाज आला. मी ओळखला! होडीत तिघं होते. रश्श्याच्या नादात बाळाची गाडी चुकली होती आणि सुंदराबाई पहिल्यांदाच होडीत बसली होती, दोन्ही हातांनी काठ गच्च धरून. तिच्याच तोंडून मला कळलं, की डोक्याकडचा तुकडा बाळाने स्वतः अंबादासच्या ताटात वाढला आणि अंबादासने पहिला घास वनमालासमोर धरला. दीड वर्ष हिने माझ्या बायकोला जेवू घातलं, म्हणाला. बडीशेपेचं भांडं असं फुटलं, आणि सगळे हसले.

अंबादासने मला दोन्ही हातांनी धरलं आणि उपटायला जोर लावला. मी हलले. गाळ सुटायला लागला.

"थांब," बाळा म्हणाला. "उपटू नको."

"कामून?"

"आता तू एकटोच येतलस. ह्या वळणार तुका खूण होयी. हिच्या अंगाक पाणी खय लागता ता बघ, आणि मगेच आत शिर. माझ्याक विचारूची गरज नाय."

अंबादासने माझ्यावरचे हात काढले नाहीत. थोड्या वेळाने बाळानेही आपला हात त्याच्या हाताखाली माझ्यावर ठेवला. सुंदराबाईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "अहो, ऊन किती आहे, चला आता."

त्या संध्याकाळी बाळा मालवणला गेला.

आता दर रविवारी अंबादास एकटा येतो. होडीत नवी काठी आहे, ॲल्युमिनियमची, हलकी आणि चकचकीत. तिला अजून पुष्कळ शिकायचं आहे. वळणावर तो इंजिन बंद करतो, मला धरून होडी थांबवतो आणि फोन लावतो. "बाळा, वळणावर आहे. काठीला धरून उभा आहे," एवढंच म्हणतो. मग तिकडून बाळाचा आवाज येतो आणि दोघं भांडायला लागतात. दुसऱ्या होड्याही आता मला बघूनच वळतात. त्यांना माझं नाव माहीत नाही आणि मला त्याची काही गरजही नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी खाडीत किंवा नदीत होडीने गेलात आणि पाण्यात एखादी काठी एकटीच उभी दिसली, तर गंमत म्हणून ती उपटू नका. फेकून दिलेलं लाकूड समजून तिच्यावर पिशव्या टांगू नका. ती चुकून राहिलेली नसते. घरी जायची घाई असताना कुणीतरी आपल्या मित्रासाठी ती तिथे ठेवून गेलेलं असतं.